रंग, जात आणि जनुक : श्वानवर्णाच्या जनुकीय चाचणीची चिकित्सा
(विशेष संदर्भ : दिघी व रायगड किनारा)

प्रस्तावना

कुत्र्याच्या गालाच्या आतील बाजूवरून कापसाचा बोळा फिरवावा, तो पाकिटात बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि काही आठवड्यांनी त्या कुत्र्याच्या रंगाचा जनुकीय अहवाल हाती यावा, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात श्वानवर्णाशी संबंधित जनुके एकामागून एक निश्चित होत गेली आणि प्रयोगशाळेतील ज्ञान पाहता पाहता बाजारातील सेवा बनले. या सेवेचे वैज्ञानिक मूल्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो तिच्या वाचनाचा. अहवाल जे सांगतो आणि तो हाती घेणारा मनुष्य त्यातून जे ऐकतो, या दोहोंत मोठे अंतर आहे. ते अंतर विज्ञानाच्या अपुऱ्या प्रसारामुळे पडते असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचा दावा थोडा वेगळा आहे. निदान मराठी समाजात तरी हे अंतर भाषेमुळे, विशेषतः 'जात' आणि 'शुद्ध' या दोन शब्दांमुळे पडते.

या चिकित्सेसाठी दिघीसारखे ठिकाण निवडण्यास कारण आहे. राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील हे श्रीवर्धन तालुक्यातील गाव. समोर आगरदांडा, बाजूला जंजिरा. जंगलजेटीने गाड्या आणि माणसे ये-जा करतात, मासळी उतरते, आणि कोकणातील कोणत्याही धक्क्यावर असतात तशी कुत्री येथेही असतात : तांबूस, काळी, बांडी, कबरी. त्यांची जात कोणी विचारत नाही आणि त्यांच्या रंगाची चाचणी करून घेण्याची कोणाला गरजही वाटत नाही. चाचणीचा बाजार ज्या जातिवंत कुत्र्यासाठी उभा राहिला, त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हे कुत्रे उभे आहे. म्हणूनच चाचणीच्या मर्यादा त्याच्यापाशी स्पष्ट दिसतात.

अहवालाची लिपी

वर्णचाचणीचा अहवाल हा मूलतः अक्षरांचा मजकूर असतो. ई, के, ए, बी, डी, एस, एम अशी स्थाने आणि प्रत्येक स्थानी दोन अक्षरांची जोडी. एक अक्षर आईकडून आलेले, दुसरे बापाकडून. या अक्षरमालेचा पाया अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांच्या 'द इनहेरिटन्स ऑफ कोट कलर इन डॉग्ज' या १९५७ च्या ग्रंथाने घातला. जनुकाचे रासायनिक स्वरूप हाती नसताना केवळ पिलांच्या रंगांच्या नोंदींवरून त्यांनी हे अनुमान बांधले, ही असामान्य कामगिरी म्हटली पाहिजे. तथापि अनुमान ते अनुमानच. प्रभावी काळ्या रंगाचे स्थान लिटल यांनी ए-मालिकेत मानले होते. तो एका वेगळ्याच जनुकाचा परिणाम आहे, हे २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रेगरी बार्श यांच्या गटाने दाखवून दिले. रोगजंतूंपासून संरक्षण करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील एक प्रथिन कुत्र्यात रंगाचेही काम करते, असे त्यातून निष्पन्न झाले. पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत जे स्थान पक्के मानले जात होते ते हलले. अक्षरे मात्र टिकून राहिली.

लिटल हे काही काळ अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते, म्हणजे मानवी वंशसुधारणेच्या चळवळीतील अग्रणी होते. यावरून त्यांचे श्वानसंशोधन त्याज्य ठरत नाही, तसे सुचवण्याचाही हेतू नाही. परंतु रंगाच्या नोंदवहीपासून वंशशुद्धीच्या कल्पनेपर्यंतची वाट फार लांबची नसते, एवढे लक्षात ठेवणे बरे.

या लिपीची एक अडचण मराठी वाचकाला खास जाणवावी अशी आहे. प्रभावी जनुकासाठी रोमन लिपीतील मोठे अक्षर आणि अप्रभावी जनुकासाठी तेच लहान अक्षर, असा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. त्यामुळे मराठी पाठ्यपुस्तकात हा भाग आला की लेखक रोमन अक्षरांकडे वळतो. प्रस्तुत लेखात 'मोठा ई' आणि 'लहान ई' असे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. हा गैरसोयीचा मार्ग एका परीने उपकारकही आहे, कारण 'मोठा' म्हणजे श्रेष्ठ आणि 'लहान' म्हणजे कनिष्ठ असा जो सूक्ष्म ग्रह रोमन लिपी नकळत करून देते, तो येथे उघडा पडतो. प्रभावी जनुक हे अधिक चांगले, अधिक जुने किंवा अधिक प्रमाणात आढळणारे असते असे नाही. जोडीतले एकच असले तरी ते प्रकट होते, एवढाच त्याचा अर्थ.

एक रंग, दोन वाटा

विश्वकोशीय परिभाषेत जे डोळ्यांना दिसते ती सरूपविधा आणि जे जनुकांत असते ती जनुकविधा. चाचणी दुसरी सांगते, माणूस पहिली पाहतो. सर्व गैरसमज या दोहोंच्या मधल्या जागेत वाढतात. धक्क्यावरच्या तांबूस कुत्र्याचेच उदाहरण घेता येईल.

कुत्र्याच्या केसांत दोनच मूळ रंगद्रव्ये असतात : काळे-तपकिरी यूमेलॅनिन आणि पिवळे-तांबडे फिओमेलॅनिन. रंगपेशीने कोणते बनवायचे हे तिच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक प्रथिनावर अवलंबून असते. त्याचे जनुक ई या स्थानी आहे. ए या स्थानावरील जनुकाचे प्रथिन या ग्राहकाला 'काळे बनवू नको' असा निरोप देते. के या स्थानावरील प्रभावी प्रकार हा निरोप पोहोचूच देत नाही, म्हणून कुत्रा काळा होतो. आता तांबूस रंग येण्याच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. ग्राहक शाबूत आहे, पण निरोप सतत येत आहे, ही पहिली. ग्राहकच निकामी आहे, त्यामुळे निरोप येवो अथवा न येवो, केसात काळे बनतच नाही, ही दुसरी. पहिल्या प्रकारच्या कुत्र्याच्या पाठीवर बहुधा काळ्या टोकांचे केस सापडतात. दुसऱ्याच्या अंगावर काळा केस नसतो, नाक मात्र काळे असू शकते. अंधुक उजेडात दोघेही सारखेच.

दुसऱ्या वाटेने तांबूस झालेली कुत्री आपल्या के-स्थानी प्रभावी काळ्याची जोडी बाळगून असू शकते. ग्राहकच नसल्यामुळे ती प्रकट होत नाही. तिचा संबंध पहिल्या वाटेने तांबूस झालेल्या कुत्र्याशी आला, तर पिलांना बापाकडून शाबूत ग्राहक मिळतो आणि आईकडून प्रभावी काळा. दोन तांबूस जनकांची सगळी पिले काळी निपजतात. अशा वेळी गावात निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो : बाप दुसराच. कुत्रीच्या एकाच वेतात एकाहून अधिक नरांची पिले असू शकतात हे खरे असल्याने तो निष्कर्ष नेहमीच चुकीचा असतो असेही नाही. पण केवळ रंगावरून तो काढता येत नाही. वर्णचाचणीचे खरे सामर्थ्य येथे आहे. कुत्रा 'काय आहे' याऐवजी तो पिलांना 'काय देऊ शकतो' हे ती सांगते. हा भेद अहवालाच्या पहिल्याच ओळीत ठळकपणे छापला जायला हवा. प्रत्यक्षात तेथे बहुधा कुत्र्याचे छायाचित्र असते.

तांबूस रंगाच्या पहिल्या वाटेबद्दल २०२१ मध्ये डॅनिका बॅनॅश आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन मुळातून पाहण्यासारखे आहे. ए-स्थानावरील जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या भागांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून कुत्र्यांत पाच वर्णाकृती निर्माण होतात, असे त्यांनी दाखवले. त्यांपैकी प्रभावी पिवळ्या प्रकाराची जुळणी उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या लांडग्यांतही आढळते. तिचा एक भाग वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी लांडग्यांच्या शाखेपासून फुटलेल्या, आता नामशेष झालेल्या एका श्वानवर्गीय प्राण्याकडून आलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे हा रंग कुत्र्याहून जुना आहे. याच्या उलट २००९ च्या एका अभ्यासानुसार उत्तर अमेरिकेतील लांडग्यांना काळा रंग कुत्र्यांकडून मिळाला. कोणाचा रंग 'मूळ' आणि कोणाचा 'भेसळीचा', हा प्रश्नच या संशोधनांपुढे टिकत नाही.

निळ्याचे दोन अर्थ

श्वानप्रेमींच्या इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे निळा नव्हे. पाटीसारखा करडा, राखी, असा तो रंग. मराठी जाहिरातींत त्याचे 'निळा' असे शब्दशः भाषांतर केले जाते तेव्हा वाचक फसतो. मराठीत गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या रंगांसाठी समृद्ध शब्दभांडार असताना ही उसनवारी अनाकलनीय आहे. हा करडेपणा डी-स्थानावरील जनुकामुळे येतो. रंगकणांना पेशीच्या कडेपर्यंत वाहून नेणारे प्रथिन नीट काम करीनासे झाले की कण ठिकठिकाणी गोळा होतात आणि काळा रंग फिका, राखी दिसतो. अशा काही कुत्र्यांत केस गळण्याचा व त्वचेचा विकारही उद्भवतो. तरीही बाजारात हा रंग 'दुर्मीळ' म्हणून अधिक किमतीने विकला जातो.

या स्थानाच्या चाचणीचा इतिहास बोधप्रद आहे. प्रथम एकच दोषप्रकार ज्ञात होता आणि चाचणी त्याचीच होत असे. २०१८ मध्ये दुसरा आणि २०२० मध्ये तिसरा प्रकार सापडला. तोपर्यंत प्रत्यक्षात राखी असलेल्या काही कुत्र्यांचे अहवाल 'दोष नाही' असे येत होते. तपकिरी रंगाचेही तसेच. बी-स्थानी काहीच न सापडलेल्या तपकिरी फ्रेंच बुलडॉगच्या रंगाचे कारण एका वेगळ्याच जनुकात २०२० मध्ये मिळाले. चाचणी जे शोधते तेवढेच तिला सापडते. नकारार्थी उत्तराचा अर्थ 'नाही' असा नसून 'विचारलेल्यांपैकी नाही' असा असतो. आणि हे विचारणे प्रामुख्याने पाश्चात्त्य जातींच्या अभ्यासावर बेतलेले आहे.

रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे तर कुत्र्याच्या रंगाचे सर्वांत गाजलेले प्रकरण या कोणत्याही जनुकाशी संबंधित नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक क्षेत्रात निळ्या रंगाची भटकी कुत्री दिसू लागली. हा निळा खरोखरच निळा होता. कासाडी नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविषयी स्थानिकांच्या तक्रारी आधीपासून होत्या. छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्य वापरणाऱ्या एका कारखान्याचे काम बंद करण्याचे आदेश दिले. अन्नाच्या शोधात आवारात शिरलेल्या कुत्र्यांच्या अंगावर रंगाची भुकटी बसली होती. त्यांतील एका कुत्र्याला धुतल्यावर रंग निघाला.

त्या कुत्र्यांच्या गालाचा बोळा तपासला असता तर अहवाल अचूक आला असता आणि संपूर्णपणे निरुपयोगी ठरला असता. एवढा उठून दिसणारा निळा फिक्या अंगावरच बसतो, त्यामुळे अहवालात पांढऱ्याची किंवा फिक्या तांबूस रंगाची अक्षरे आली असती. जनुकविधा निर्दोष, सरूपविधा निळी. या दोहोंच्या मधे नदी होती. वर्णविज्ञानाचे पाठ्यपुस्तक परिस्थितीचा प्रभाव म्हणून ऊन, वय, आहार यांचा उल्लेख करते. तळोजाने त्या यादीत सांडपाण्याची भर घातली. विद्यार्थ्यांना जनुकविधा आणि सरूपविधा यांतील भेद शिकवण्यासाठी मेंडेलच्या वाटाण्यांइतकेच हे उदाहरण उपयोगी आहे, आणि ते त्यांच्याच जिल्ह्यातले आहे.

अशा वेळी लोकांचे मन कोणीकडे धावते तेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियातील झेर्झिन्स्क शहरात बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याजवळ निळी कुत्री आढळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चेर्नोबिलच्या परिसरात तशीच कुत्री दिसताच किरणोत्सर्गामुळे जनुकीय बदल झाल्याचे तर्क जगभर पसरले. तेथे कुत्र्यांसाठी काम करणाऱ्यांनी मात्र अंगाला लागलेल्या एखाद्या रसायनाकडे बोट दाखवले. रंग बदलला की जनुक बदलले असे मानण्याची ही घाई म्हणजे आपल्या काळाची एक नवी अंधश्रद्धा आहे. पूर्वी हेच काम दृष्ट, करणी आणि ग्रह करीत. तळोजात जनुकाचा तर्क फार कोणी केला नाही याचे श्रेय विज्ञानशिक्षणाला देणे कठीण आहे. नदीचा वास तेथील लोकांना ठाऊक होता.

'जात' या शब्दाचा भार

आता मूळ दाव्याकडे वळता येईल. इंग्रजीत कुत्र्याची 'ब्रीड' असते, मराठीत 'जात'. जातिवंत आणि गावठी, अस्सल आणि संकर, शुद्ध आणि भेसळ, या जोड्या मराठीत कुत्र्यासाठी वापरल्या जातात तेव्हा त्या माणसांच्या व्यवहारातून उचललेल्या असतात आणि तिथला सगळा भार घेऊन येतात. 'वर्ण' या शब्दाचे तर दोन्ही अर्थ उघड आहेत. अशा भाषेत एखाद्या अहवालावर 'प्रभावी', 'वाहक', 'दोष नाही' अशी पदे छापली गेली की ती जातीच्या दाखल्यासारखी वाचली जाणे अटळ ठरते. एखादे पिलू रंगाच्या सात स्थानी 'योग्य' आले म्हणून ते शुद्ध असल्याचे विक्रेता सांगतो आणि ग्राहक मान डोलावतो. वास्तविक तीच अक्षरे एखाद्या उनाड कुत्र्यातही सापडू शकतात. रंगाची जनुके जातींच्या सीमा पाळत नाहीत.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या श्वानपरंपरेत रंगाला हे स्थान नव्हते. सांगली, सोलापूर, कोल्हापूर भागांत आणि सीमेपलीकडील मुधोळ परिसरात पाळला जाणारा कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड, काळा, करडा, तांबूस, पांढरा, मिश्र अशा अनेक रंगांत आढळतो. त्याची पारख धावण्यावर, दमावर आणि नजरेवर होत असे. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर आणि २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदणीत त्याला स्थान मिळाले. याच वेळी नोंदल्या गेलेल्या तमिळनाडूतील राजपालयम जातीची कथा वेगळी आहे. तेथे दुधासारख्या पांढऱ्या रंगाचा आग्रह धरला गेला, इतर रंगांची पिले बाजूला पडली, आणि या जातीत बहिरेपणाची समस्या सर्वज्ञात आहे. अंतर्कर्णाला नीट काम करण्यासाठी रंगपेशींची आवश्यकता असते. त्या तेथवर पोहोचल्याच नाहीत की ऐकू येत नाही. रंगाची हौस कानाने फेडावी लागते.

नोंदणीमुळे मुधोळ-कारवानीची अधिकृत लक्षणे आता कागदावर आली आहेत. कागदावर लक्षणे आली की रंगाचा क्रम लागतो आणि रंगाचा क्रम लागला की चाचणीला गिऱ्हाईक मिळते. येथे चाचणीचा दोष नाही, उलट योग्य वापर केला तर ती अनर्थ टाळू शकते. चट्ट्यापट्ट्यांच्या 'मर्ल' रंगाची दोन कुत्री एकत्र आणली तर सरासरी चौथा हिस्सा पिलांना तो प्रकार दोन्हीकडून मिळतो आणि त्यांतील अनेक अंध वा बहिरी निपजू शकतात. मर्लची खूण काही कुत्र्यांच्या अंगावर दिसतच नाही, ती केवळ चाचणीतच कळते. एम-स्थानाची तपासणी प्रजननापूर्वी बंधनकारक असावी, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. खेद याचा की हीच चाचणी 'मर्ल हमखास' अशी हमी देण्यासाठीही वापरता येते.

गावठी कुत्र्याच्या बाबतीत मात्र अनपेक्षित घडले आहे. भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचे अहवाल तेथील एका कंपनीकडून येतात तेव्हा त्यांत अनेकदा संकराची टक्केवारी नसते. 'साउथ एशियन व्हिलेज डॉग' अशी स्वतंत्र नोंद असते. ज्याला आपण जात नसलेला म्हणतो तो प्रयोगशाळेला एक प्राचीन, स्वतंत्र समूह दिसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ देशांतील ५४९ गावकुत्र्यांचा समावेश असलेल्या अभ्यासानेही जातिवंत कुत्र्यांच्या तुलनेत गावकुत्र्यांमधील जनुकीय वैविध्याचे महत्त्व अधोरेखित केले होते. 'गावठी' या शब्दातील तुच्छता आता कोणत्याही शास्त्रीय आधारावर उभी नाही. मराठी घरांत परदेशातून आलेला हा अहवाल कौतुकाने दाखवला जातो, आणि त्याच घरातून दारातल्या कुत्र्याला हाड म्हटले जाते, हा भाग निराळा.

दिघीची नोंदवही

खेड्यात कुत्र्यांची नावे हीच रंगांची नोंद असे. काळू, तांब्या, बांड्या, कबऱ्या, ढवळ्या. वाघ्या कधी अंगावरच्या पट्ट्यांवरून, कधी स्वभावावरून. ही नावे सरूपविधेची नोंदवही होती, आणि त्यांत शुद्धतेचा दावा नव्हता. आता धक्क्यावरच्या कुत्र्यांना नावे देणारे कमी झाले आहेत.

दिघी बंदराचे हस्तांतरण फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या खासगी कंपनीकडे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आहे. ज्या खाडीच्या काठावर आज मासळी उतरते तिच्या आसपासच्या परिसरात उद्योग येणार हे निश्चित आहे. ते तळोजासारखेच असतील असे म्हणण्यास आज आधार नाही. पण तळोजात कुत्र्यांचा रंग हा छायाचित्रात पकडता येण्याइतका भडक पुरावा होता. एखाद्या रसायनाने केस केवळ निस्तेज झाले, काळ्याचा तपकिरी झाला किंवा त्वचेला चट्टे पडले, तर ते आधीची नोंद असल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा जनुकीय चाचणीलाही एक उचित काम मिळेल. हा करडेपणा डी-स्थानावरून आला की पाण्यातून, याचा निवाडा ती करू शकेल, परंतु तिच्यासमोर ठेवायला त्या कुत्र्याचा पूर्वीचा रंग कोठेतरी लिहिलेला हवा.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने मराठी विभागाला सोबत घेऊन वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, जेटीवरच्या कुत्र्यांची छायाचित्रे काढावीत आणि शेजारी रंगाचा स्थानिक शब्द, असल्यास हाकेचे नाव व अंदाजे वय लिहावे. दुपारी लाँच आणि जंगलजेटी यांच्या मधल्या वेळेत ती सगळी सावलीला एका जागी सापडतात.